फ्रीज-एसीचं काम करायचंय? कोणत्या कामाला कोणता कागद लागतो

दर वर्षी मार्च सरत आला, ऊन तापायला लागलं, की माझ्या दुकानात दोन-तीन पोरं येतात. कोणी बारावी करून घरी बसलेला असतो, कोणी पुण्यात कंपनीत दोन वर्षं राबून परत आलेला. प्रश्न ठरलेला. "भाऊ, एसी-फ्रीजच्या कामाचं लायसन कुठी काढून भेटते?"

मी आधी चहा सांगतो. कारण असं एकच लायसन आपल्याकडे नाहीच, आणि हे समजावून सांगायला वेळ लागतो. अमेरिकेत आहे. तिथं १९९४पासून '६०८' नावाची परीक्षा पास झाल्याशिवाय गॅसच्या सिस्टिमला हात लावता येत नाही, शिवाय कित्येक राज्यांत ठेकेदारीचा परवाना वेगळा. यूट्यूबवर ते सगळं पाहून पोरांना वाटतं, इथंही तसंच काही असेल. इथला कायदा माणसाला धरत नाही, कामाला धरतो. तार ओढली की विजेचा कायदा लागतो, टाकी उचलली की गॅसचा, शटर उघडलं की दुकानाचा, आणि सरकारी इमारतीत पाय ठेवला की टेंडरचा. त्यामुळे पहिला प्रश्न "लायसन कुठं मिळतं" हा नाही. "मी नेमकं कोणतं काम करणार" हा आहे.

हे माहीत नसलं की काय होतं ते सांगतो. मी नवा होतो तेव्हा एक जण मोटरसायकलवर गावोगाव फिरायचा. 'अखिल भारतीय'नं सुरू होणारं लांबलचक नाव, सोनेरी शिक्का, फोटो चिकटवलेलं कार्ड. "हे असलं की तुमाले कोणी अडवत नाई." अडीच हजार दिले. कार्ड लॅमिनेट करून गल्ल्यामागं टांगलं. चार वर्षांनी एका बँकेच्या शाखेत एसीच्या देखभालीचं काम निघालं, तेव्हा मी ते कार्ड मोठ्या रुबाबात काढून ठेवलं. साहेबांनी उलटून पाहिलं आणि म्हणाले, "हे राहू द्या, आयटीआयचं आहे का?" तेव्हा लक्षात आलं. आजही असे एजंट फिरतात, फक्त आता ते व्हॉट्सॲपवर पीडीएफ पाठवतात. प्रमाणपत्र देणाऱ्यानं तुमचं काम पाहिलं नसेल, परीक्षा घेतली नसेल, तर तो कागद भिंतीलाही टांगू नका.

आधी ट्रेड, मग दुकान

दहावी पास असाल आणि घरची परिस्थिती दोन वर्षं थांबू देत असेल, तर आयटीआय करा. आपल्या कामाचा ट्रेड कागदावर 'रेफ्रिजरेशन अँड एअर कंडिशनिंग टेक्निशियन' या नावानं येतो. मुदत दोन वर्षं. शेवटी देशपातळीवरची परीक्षा आणि त्यावर राष्ट्रीय व्यवसाय प्रमाणपत्र, म्हणजे एनटीसी. दुबईच्या ठेकेदारापासून नागपूरच्या मॉलपर्यंत सगळे हाच कागद ओळखतात.

प्रवेश ऑनलाइन होतो. व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण संचालनालयाच्या, म्हणजे डीव्हीईटीच्या प्रवेश पोर्टलवर दहावीच्या निकालानंतर अर्ज सुटतात. विदर्भासाठी त्यांची प्रादेशिक कार्यालयं नागपूर आणि अमरावतीला आहेत. अर्ज भरायला सेतूवर किंवा जवळच्या आयटीआयत जा, पण पसंतीक्रम स्वतः ठरवा. तिथंच खरी मेख आहे.

आपला ट्रेड प्रत्येक तालुक्याच्या आयटीआयत नसतो. वीजतंत्री (इलेक्ट्रिशियन) मिळेल, जोडारी (फिटर) मिळेल, संधाता (वेल्डर) मिळेल. फ्रीज-एसी मिळेलच असं नाही. मग शहरातल्या आयटीआयत नाव लागतं आणि पोरगं रोज एसटीनं ये-जा करतं किंवा खोली करून राहतं. काही जण दुसऱ्या सत्रात सोडून देतात. माझं मत विचाराल तर, शहरात राहण्याचा खर्च झेपत नसेल तर गावाजवळच्या आयटीआयत वीजतंत्री घ्या आणि गॅसचं काम सुट्टीत एखाद्या चांगल्या दुकानात शिका. कोणाला हे उलटं वाटेल. पण पुढं वायरमनच्या परवान्याचा विषय येतो तिथं वीजतंत्रीवाल्याची वाट सोपी असते, आणि फ्रीज-एसीचं अर्धं काम तसंही विजेचंच आहे. 'गॅस संपला' म्हणून आलेल्या दहा फ्रिजांत रिले, ओव्हरलोड, थर्मोस्टॅट किंवा कमी व्होल्टेजचीच किती निघतात ते एक उन्हाळा मोजून पाहा.

आयटीआय झाल्यावर शिकाऊ उमेदवारी सोडू नका. १९६१च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली कंपन्यांना उमेदवार घ्यावेच लागतात, विद्यावेतन मिळतं, आणि त्याच्या परीक्षेनंतर एनएसी नावाचं दुसरं राष्ट्रीय प्रमाणपत्र हाती येतं. नोंदणी केंद्राच्या अप्रेंटिसशिप पोर्टलवर. बुटीबोरीच्या कारखान्यात चिलर, म्हणजे पाणी गार करणारं मोठं मशीन, सांभाळायला मिळालं तर जे दिसेल ते तालुक्याच्या दुकानात दहा वर्षांत दिसत नाही.

आणखी एक, बारीक वाटेल पण लई जणांना नडलेलं. आधार, दहावीची सनद आणि आयटीआयचं प्रमाणपत्र, तिन्हीवर नाव अक्षरन् अक्षर सारखं पाहिजे. आपल्याकडे आधारवर वडिलांचं नाव 'राव' लावून येतं, सनदेवर 'राव' नसतं. पुढं वायरमन परवाना, बँक, पासपोर्ट, सगळीकडे प्रतिज्ञापत्र मागतात. प्रवेशाच्या आधीच दुरुस्ती करून घ्या.

काम येतं, पण कागद नाही

आपल्या भागात अशीच माणसं जास्त. मामाच्या दुकानात चौदाव्या वर्षापासून कॉम्प्रेसर उचलले, पण शाळा आठवीत सुटली. त्यांच्यासाठी आरपीएल आहे. आधी शिकलेल्या कामाची मान्यता असा त्याचा अर्थ. प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत ही सोय आहे. थोडा उजळणीवर्ग होतो, मग परीक्षक येऊन तोंडी आणि हातानं करायची परीक्षा घेतो. आपल्या धंद्याची कौशल्य परिषद इलेक्ट्रॉनिक्स क्षेत्राची, ईएसएससीआय. 'फिल्ड टेक्निशियन – एअर कंडिशनर' असं त्यांच्या कामाच्या नावाचं स्वरूप असतं. केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाचा ओझोन कक्षही सर्व्हिसवाल्या कारागिरांची शिबिरं घेतो. २०१९च्या देशाच्या कूलिंग ॲक्शन प्लॅनमध्ये एक लाख कारागीर तयार करण्याचं ठरलं होतं, ते याच मार्गानं. जवळ शिबिर लागलं तर एक दिवसाचं काम बुडवा आणि जा.

परीक्षेत जुनी माणसं नापास होतात ती ज्ञानानं नाही, सवयीनं. तांब्याची नळी कापली की आतली कड रीमरनं साफ करायची. आपण नळी आडवी धरून करतो. परीक्षक बघत असतो. नळीचं तोंड जमिनीकडं धरून घासलं तर तांब्याचा कीस खाली पडतो; आडवी किंवा वर धरली तर आत जातो, आणि सहा महिन्यांनी तोच कीस कॅपिलरीत, म्हणजे गॅसच्या केसासारख्या बारीक नळीत, अडकतो. मग फ्लेअर नट आधी चढवायचा, नंतर तोंड फुलवायचं. हा क्रम चुकवून परत कापावी लागलेली नळी प्रत्येकानं पाहिलेली आहे, मीही. दुसरी सवय: पंप न लावता गॅस सोडून हवा 'बाहेर ढकलणं'. परीक्षेत ते केलं की विषय संपला. व्हॅक्यूम पंप लावा, गेज खाली जाऊ द्या, पंप बंद करून काटा तिथंच राहतो का ते बघत उभे राहा.

तार ओढायची असेल तर

इथं लोक सगळ्यात जास्त चुकतात, म्हणून इथं थांबून सांगतो.

घरातला चालू फ्रीज दुरुस्त करणं, २५० व्होल्टपर्यंतचं घरगुती उपकरण बदलणं, स्विच-फ्यूज बदलणं, हे करताना वीज जोडणीची क्षमता किंवा स्वरूप बदलत नसेल तर परवान्याची अट नाही. पण नवी वायरिंग, जोडणीत वाढ, बदल, थ्री फेजचा पॅनल, कोल्ड रूमसाठी वेगळी लाइन, हे सगळं 'विद्युत संच मांडणी'चं काम झालं. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा नियमांप्रमाणे (सध्याचे २०२३चे) ते काम परवानाधारक विद्युत ठेकेदारानंच करायचं, सक्षमतेचं प्रमाणपत्र असलेल्या पर्यवेक्षकाच्या देखरेखीखाली, आणि हात लावणारा माणूस वायरमनचा परवाना असलेला. तीन वेगळे कागद आहेत, तीन वेगळ्या पात्रतेचे. महाराष्ट्रात ते राज्याच्या विद्युत निरीक्षण यंत्रणेकडून मिळतात. चौकशीसाठी जिल्ह्याच्या विद्युत निरीक्षकाचं कार्यालय गाठा. फ्रीज-एसीचा ट्रेड झाला म्हणजे वायरमनचा परवाना झाला, असं नाही. हे मनात घट्ट धरून ठेवा.

मला हे कसं कळलं? आमच्या भागात संत्र्याचे बगीचे. एका शेतकऱ्यानं मृग बहराच्या आधी छोटी कोल्ड रूम बांधायला घेतली. संत्रं सहा-सात अंशांवर ठेवलं तर टिकतं, आणि भाव पडला असताना दोन आठवडे थांबता आलं तर त्याचा खर्च निघतो, असा त्याचा हिशेब. भिंतींचे पॅनल मी लावले, मशीन मी बसवलं, आणि मीटरपासून मशीनपर्यंतची थ्री फेजची केबलही मीच ओढली. काम देखणं झालं. मशीन सुरू केलं, खोली गार झाली, सगळ्यांनी पेढे खाल्ले.

मग वीजभार वाढवायचा अर्ज गेला. तिथं विचारलं, "टेस्ट रिपोर्ट कुठाय?" जोडणीची चाचणी करून ठेकेदारानं त्याच्या परवाना क्रमांकानिशी सही केलेला अहवाल. माझ्याकडं नंबरच नव्हता. ओळखीच्या ठेकेदाराला म्हटलं, सही कर. तो म्हणाला, "तू ओढलेल्या केबलवर मी कायले सही करू? उद्या कोणी चिकटलं तर जेलात मी जाईन." बरोबरच होतं त्याचं. त्यानं केबल उकरून काढली, अर्थिंग पुन्हा केलं, मग सही दिली. त्याचे पैसे माझ्या मजुरीतून गेले, आणि शेतकऱ्याचे दोन आठवडे. तो माणूस आजही मला हाक मारतो, पण पुढची खोली त्यानं दुसऱ्याकडून बांधली.

म्हणून आता माझं काम मीटर आणि मेन पॅनलनंतर सुरू होतं. दरपत्रकात मी सरळ लिहितो: आयसोलेटरपर्यंतची (मशीनजवळच्या मेन स्विचपर्यंतची) वीज मालकानं परवानाधारक ठेकेदाराकडून आणायची. तुमची मजल मोठी कामं घेण्याची असेल तर मात्र वायरमनच्या परवान्यापासून सुरुवात करा. पुढं अनुभवानं पर्यवेक्षक, मग ठेकेदार.

टाकी, गॅस आणि मोटरसायकल

गॅसच्या टाक्यांचे देशभराचे नियम पाहणारं खातं म्हणजे पेसो. जुन्या लोकांच्या तोंडी अजून 'एक्स्प्लोझिव्हवाले'. त्याचं मुख्यालय दिल्लीत नाही, मुंबईत नाही. आपल्या नागपुरात, सेमिनरी हिल्सवर आहे. तरी आपल्याच भागात हे नियम कोणी वाचलेले नसतात.

गॅस सिलिंडर नियम, २०१६. त्यात ५०० मिलीलिटरपेक्षा मोठ्या धारकतेचं भांडं म्हणजे सिलिंडर. आणि भरलेला सिलिंडर सायकलवर किंवा कोणत्याही दुचाकीवर न्यायला मनाई आहे. वाचून हसला असाल, कारण आपण सगळेच डिक्कीला दोरी बांधून नायट्रोजन नेतो. हसू नका. चिखलात गाडी घसरली आणि टाकीचा वॉल्व दगडावर आपटून तुटला तर आतला दाब टाकीला तोफेच्या गोळ्यासारखा फेकतो. भाड्यानं छोटा हत्ती करा, त्याचे तीनशे रुपये बिलात लावा. टोपी चढवून, आडवी घसरणार नाही अशी बांधून न्या.

दुकानात चार-सहा टाक्या ठेवायला सहसा वेगळा परवाना लागत नाही; नियमात ठरावीक मर्यादेपर्यंत सूट आहे, आणि ती मर्यादा वायूच्या जातीप्रमाणे बदलते. ज्वलनशील वायूला ती कमी. पण टाकी भरणं हे परवान्याचं काम आहे. मोठी टाकी आणून उलटी टांगायची आणि छोट्या डब्यांत गॅस उतरवून विकायचा, हा उद्योग बंद करा. घरगुती लाल सिलिंडरवर ब्रेझिंग, म्हणजे टॉर्चनं नळ्यांचं जोडकाम, करणंही नियमाबाहेर आहे. धंद्यासाठी व्यावसायिक सिलिंडर घ्या, छोटं काम असेल तर पाच किलोचा मिळतो.

टाक्यांचे रंग पाठ करा, नुसत्या पाटीवर विसंबू नका. नायट्रोजन करड्या अंगाचा, काळ्या मानेचा. ऑक्सिजन काळ्या अंगाचा, पांढऱ्या मानेचा. दाब देऊन लिकेज पाहायला फक्त नायट्रोजन. ब्रेझिंगचा ऑक्सिजन हाताशी असतो म्हणून तो सिस्टिममध्ये सोडायचा मोह होतो. कॉम्प्रेसरमध्ये तेल असतं. दाबातला ऑक्सिजन आणि तेल एकत्र आले की स्फोट होतो, ठिणगीसुद्धा लागत नाही. शिकाऊ पोराला पहिल्या दिवशी सांगायची गोष्ट हीच.

आता गॅसच्या जाती. जुन्या एसीत आर-२२ आहे. ओझोन वाचवण्याच्या मॉन्ट्रियल करारापायी तो आपल्याकडून जातोय: १ जानेवारी २०२५पासून नव्या मशिनरीत तो वापरून उत्पादन करता येत नाही, आणि २०३०पर्यंत जवळजवळ संपवायचा आहे. जुन्या मशिनांच्या दुरुस्तीला थोडा राहील, महाग होत जाईल. त्याच्या जागी आलेला आर-४१०ए आणि फ्रिजातला आर-१३४ए हे ओझोनला धक्का लावत नाहीत, पण हवा तापवतात; भारतानं २०२१ला त्याच करारातली किगाली दुरुस्ती मान्य केल्यामुळे त्यांच्यावरही २०२८ला मर्यादा येईल आणि २०३२पासून कपात सुरू होईल. तुम्ही आज विशीत असाल तर तुमच्या उभ्या धंद्यात ज्वलनशील गॅसच येणार: फ्रिजात आर-६००ए, म्हणजे आयसोब्युटेन, एसीत आर-३२ आणि आर-२९०. आर-२९० म्हणजे प्रोपेनच.

आर-६००एच्या फ्रिजात गॅस असतो पन्नास-साठ ग्रॅम. हाताच्या अंदाजानं भरायचा नाही, वजनकाट्यावर भरायचा. पाटीवर ५२ ग्रॅम लिहिलं असेल तर ५२च. आणि आधीचा गॅस बाहेर काढून, नायट्रोजननं धुतल्याशिवाय नळीला टॉर्च लावायचा नाही. उन्हाळ्यात आपण खोली बंद करून, कूलर लावून काम करतो. या फ्रिजाला दारं-खिडक्या उघड्या आणि कूलर बंद. गॅस हवेपेक्षा जड आहे, जमिनीलगत साचतो, आणि कूलरच्या स्विचची ठिणगी त्याला पुरते. आवारात, सावलीत, वाऱ्याला नेऊन काम करा. बाई चिडतील, "घरातच करा न भाऊ, उन्हात कायले नेता," पण न्या.

दुकान

हे सोपं आहे, पटकन उरकतो. पॅन असेल तर उद्यम नोंदणी ऑनलाइन, आधारवर, फुकट. हजार रुपये मागणाऱ्याला हात जोडा. वीसपेक्षा कमी कामगार असतील (२०२५पर्यंत ही मर्यादा दहाची होती) तर २०१७च्या दुकाने व आस्थापना कायद्याखाली नोंदणी नाही, फक्त ऑनलाइन सूचना द्यायची. तिची पावती बँकेत चालू खात्याला कामी येते. गावात दुकान असेल तर ग्रामपंचायतीकडे विचारा. व्यवसाय कराची, पीटीईसीची, वर्षाला २,५०० रुपयांची नोंद करा. मागची थकबाकी टेंडरच्या वेळी उगवते. सेवेची वार्षिक उलाढाल २० लाखांवर गेली की जीएसटी बंधनकारक. त्याआधी घ्यायचा का? घरगुती गिऱ्हाईकच असेल तर घाई नको. बँका, शाळा, पतसंस्था गिऱ्हाईक असतील तर घ्या, कारण ते जीएसटीच्या बिलाशिवाय बोलतच नाहीत.

कर्जासाठी जिल्हा उद्योग केंद्र. पीएमईजीपीत, म्हणजे पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात, ग्रामीण भागात सर्वसाधारण गटाला २५ टक्के आणि विशेष गटांना ३५ टक्के अनुदानाची तरतूद. मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमही तिथंच. पीएम विश्वकर्मात आपला धंदा बसत नाही. त्या १८ कारागिरांच्या यादीत सुतार, लोहार, कुंभार, न्हावी आहेत, एसीवाला नाही. "बसवून देतो" म्हणणाऱ्याकडं जाऊ नका.

आणि बँकेत वर्षाला २० रुपयांचा प्रधानमंत्री सुरक्षा विमा आहे, अपघाताला दोन लाखांचा. दुसऱ्या मजल्याच्या छज्जावर एसीचं आउटडोअर युनिट लावायला चढण्याआधी तो काढा, हेल्परचाही काढा. दोरी आणि पट्टा त्याच्यानंतर नाही, त्याच्यासोबत.

दुसऱ्याच्या दारात

मोठी कामं सुरू झाली की कागद तुमचा कमी, मालकाचा जास्त विचारला जातो. कोल्ड स्टोरेजच्या मालकाला अन्न सुरक्षेचा एफएसएसएआय परवाना लागतो, दूध संकलन केंद्रालाही. फलोत्पादन अभियानातून अनुदान घेणारा मालक तुमच्याकडून मशिनीची क्षमता, गॅस, इन्सुलेशनची जाडी, उष्णतेचा हिशेब, सगळं लेखी मागेल. ते देता आलं पाहिजे. जुन्या बर्फ कारखान्यात आणि मोठ्या शीतगृहात अमोनिया असतो. तो विषारी, डोळे-फुप्फुस जाळतो. भंडारा-गोंदियाकडं मासळीच्या बर्फासाठी गेलात आणि 'गॅस थोडा लीक आहे, बघून द्या' असं म्हटलं गेलं, तर सरळ नाही म्हणा. ते शिकायचं असेल तर अमोनियाच्या प्लांटवर वर्षभर राबा, मुखवटा घालायला शिका, मग.

प्राथमिक आरोग्य केंद्रात लसींचा आयएलआर फ्रीज बंद पडला की कधीकधी नर्सताई घाईघाईनं गावातल्या कारागिराला बोलावतात. आत २ ते ८ अंशांवर ठेवायच्या लसी असतात. तो फ्रीज उघडू नका. वीज येते का, प्लग, स्टॅबिलायझर, एवढं बाहेरून बघा आणि जिल्ह्याच्या शीतसाखळी तंत्रज्ञाला फोन लावायला सांगा. त्या यंत्राची जबाबदारी त्याची आहे. लसी कोल्ड बॉक्समध्ये हलवायला मदत करा, तेवढं पुष्कळ झालं. एसीच्या देखभालीचं काम मात्र रीतसर मिळू शकतं: जिल्हा परिषद आणि राज्याच्या खात्यांची टेंडरं महाटेंडर्स पोर्टलवर निघतात. तिथं डिजिटल सही, अनामत, आयटीआयचं प्रमाणपत्र, जीएसटी, मागच्या कामांचे दाखले लागतात. दाखले आजपासून गोळा करा. एखाद्या पतसंस्थेचे दोन एसी वर्षभर नीट सांभाळले तर त्यांच्या लेटरहेडवर दोन ओळी लिहून मागायला लाजू नका. पहिल्या टेंडरला त्याच दोन ओळी लागतात.

पहिल्या दिवसापासून एक वही ठेवा, आणि प्रत्येक फ्रिजाच्या मागे, कॉम्प्रेसरच्या वरच्या बाजूला, एक चिकटपट्टी. मी अशी लिहितो: गॅसचं नाव, किती ग्रॅम भरला, तारीख, नळी कुठं जोडली, आणि माझा नंबर. मागच्या जेठात एक फ्रीज माझ्याकडं परत आला. पट्टीवर माझंच अक्षर, सात वर्षांपूर्वीचं: 'आर-६००ए, ५४ ग्रॅम, ड्रायर बदलला'. मधे दुसऱ्या कोणीतरी आर-१३४ए भरून दिला होता आणि पट्टीवर खाली काही लिहिलं नव्हतं. गेज लावल्या लावल्या दाब जुळेना. तासभर डोकं खाजवल्यावर कळलं की पट्टी खरी आहे, आतला गॅस खोटा आहे.